टेबलाला हत्ता

४ नोव्हेंबर, मंगळवार
सूनबाईची रजा संपली. आजपासून दिवसभर नातू माझा! जाताना तेजश्रीने मोबाइलवरचं वाचून दाखवलं. नचू रडला की त्याच्याजवळ खाली बसायचं आणि विचारायचं, नचू, राग आलाय का? मला हसूच आलं. भोकाड पसरलंय म्हणजे राग आलाय, विचारायचं काय त्यात? माझी शाळा चौथीपर्यंत, पण अमोलला काय मोबाइल वाचून वाढवला? तरी हो म्हटलं. ठराव: सुनेशी वाद घालायचा नाही.
दुपारी नचूचं डोकं टेबलाला आपटलं. मी टेबलाला दोन चापट्या दिल्या. हाऽऽत रे टेबला, माझ्या सोन्याला लागलं, हत्ता घे! नचूनेही दिल्या. लगेच हसला. काय गोड हसतो गुलाम! दोन वर्षांचा आहे, पण समज बघा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
दिल्लीची हवा खराब, पार्क बंद. घरातच खेळलो. नचूने आज दाराला हत्ता केला, फरशीला केला, भात गरम लागला म्हणून वाटीलाही केला. हाताला चांगला जोर आलाय. दृष्ट काढली.
तेजश्री म्हणाली, आई, हा सगळ्यांना का मारत सुटलाय? मी म्हटलं, वय आहे. तर म्हणे मुलं मोठ्यांचं बघून शिकतात. आता घरात मारकं कोण आहे? कामवाली भांडी फार आपटते. तिच्यावर लक्ष ठेवायचं.

१० नोव्हेंबर, सोमवार
घात झाला. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये समोरच्यांचा अर्णव पळत आला आणि नचूला धडकला. नचूने त्याला थाडथाड दिल्या. अर्णवची आई म्हणाली, आंटीजी, आपका बच्चा बहुत मारता है. मी म्हटलं, पहले आपका लगा ना! (दिल्लीतल्या या द्वारकेत आल्यापासून माझं हिंदी फार सुधारलंय.) तर बाईने ग्रुपवर टाकलं. आता चाळीस घरांनी वाचलं असणार.
अमोल म्हणाला, आई, रागावू नकोस, पण आणखी एक तक्रार आली तर नचूला दिवसभर डे-केअरला घालू. तू कोरेगावला जा, आराम कर.
आराम! कोरेगावला कुलूप लावून आलेय मी. तिथे बोलू कुणाशी, फ्रिजशी? जेवण गेलं नाही. दोनच पोळ्या आणि थोडा भात.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ठराव: नचूला कुणाच्या जवळ जाऊच द्यायचं नाही. दिवसभर कडेवर घेतला. त्याने लाथा झाडल्या, माझा चष्मा ओढला, माझी पाठ धरली. बेल वाजली की आधी दाराच्या भोकातून बघते. तक्रार तर नाही?
संध्याकाळी तेजश्री आली. पर्ससुद्धा न ठेवता फरशीवर बसली, राग आलाय का विचारलं. नचू तिच्या मांडीत शिरला आणि गप्प. दमला होता बिचारा. मी दिवसभर दमवलाच होता तसा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
तेजश्रीने अर्णवला आणि त्याच्या आईला चहाला बोलावलं. समेट म्हणे. मी चिवडा केला. तिखट दोनदा पडलं, लक्ष कुठे होतं!
नचू सोन्यासारखा वागला. अर्णवला स्वतःची लाल गाडी दिली. मी अमोलकडे बघितलं, बघ म्हटलं डोळ्यांनी. तेवढ्यात मी चहाचा ट्रे घेऊन वळले आणि नचू धावत येऊन माझ्या गुडघ्यावर आपटला. भोकाड! मी जीव मुठीत धरून उभी. देवा, अर्णवकडे वळू नकोस रे.
वळला नाही. केवढं बरं वाटलं! ट्रे ठेवून खाली वाकले, तर फाडकन माझ्या गालावर. हाऽऽत ले आजी, माझ्या छोन्याला लागलं, हत्ता घे!
सूर माझाच. 'हाऽऽत'सुद्धा तेवढाच ओढलेला.
अर्णवच्या आईने विचारलं, क्या बोला बेबी? अमोल पंख्याकडे बघत बसला. तेजश्रीने माझा चष्मा उचलून दिला, हळूच म्हणाली, आई, लागलं का हो?
मी म्हटलं, छे.

१६ नोव्हेंबर, रविवार
उद्यापासून सकाळी डे-केअर. दुपारनंतर तुम्हीच, असं तेजश्री म्हणाली. कोरेगावचं नाव कुणी काढलं नाही. म्हणजे मुख्य काम माझ्याकडेच. सकाळचं काय, पोर अर्धं झोपेतच असतं.
आत्ता चहाला उठले तर टेबलाचा पाय करंगळीला लागला. ब्रह्मांड आठवलं. हात उगारला, तर शेजारी नचू. त्याचाही हात वर, तयार.
मी उगारलेला हात केसांवरून फिरवला. कळ एवढी, की खालीच बसले. नचूही शेजारी बसला, तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, आजी, राग आलाय का?
हसू आलं नाही. हो म्हटलं.