चौकशीच्या दिवशी गोठ्यात बांधलेले बैल

ता. ५ एप्रिल १९६४, सोनाळा

फार उशीर झाला, वही. संक्रांतीनंतर तुला हात लावला नाही, राग धरू नको. डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे आणि लिहिण्यासारखे काही घडतही नव्हते. आता घडते आहे.

नातू शालिग्राम अकोल्याच्या शेतकी कॉलेजात वरच्या नंबराने पास झाला. आता अमेरिकेतल्या एका कॉलेजाने त्याला पुढे शिकायला बोलावले आहे. फी माफ. खाण्या-राहण्याचे पैसेही तेच देणार, बदल्यात त्यांच्या शेतावर काम. फक्त जहाजाचे भाडे आपले. तेसुद्धा मुंबईची एक संस्था देते म्हणतात, आणि परत मागत नाही!

फुकट कोण देते? बाजारात वांग्यांवर दोन मिरच्या जास्त मागितल्या तर माळीण हात आखडते. आणि हे कोण कुठले, आमच्या पोराला समुद्रापार नेऊन सोडणार! काही तरी आहे.

सूनबाई कौशल्या मात्र खुशीत आहे. तिचा नवरा, माझा थोरला, गेला तेव्हा पोरगा चार वर्षांचा होता. तिने निंदणं-खुरपणं करून वाढवला. आता गावभर सांगत सुटली आहे. मी म्हटले, थांब जरा.

ता. ९ एप्रिल

संस्थेचा फॉर्म शालिग्रामाने वाचून दाखवला. नाव, गाव ठीक. मग लग्न झाले काय? उंची किती? वजन किती? काही आजार? दोन फोटो जोडावे. घरची शेती किती, जनावरे किती, घर कच्चे की पक्के?

मी आजवर पाच सोयरिकी जुळवल्या. हे प्रश्न मला पाठ आहेत. शिकायला जाणाऱ्याची उंची कशाला लागते? संस्थेच्या शेठची मुलगी उपवर असणार.

शालिग्रामाला तसे म्हटले तर तो हसला. म्हणाला, “आबा, डॉक्टरी तपासणीचं आहे ते. गरिबाच्या पोराइलेच देतात ते पैसे. कोनी चौकशीले आलं तर खरं तेच सांगजा.”

लहान आहे तो अजून. खरे सांगून कोणाची सोयरीक जुळली आहे?

ता. ११ एप्रिल

तो अकोल्याला परत गेला. तिथे कॉलेजच्या शेतावर हंगामी नोकरी आहे. जाताना माझ्या पाया पडला. उगाच वाटले, जहाजावरच चालला.

ता. १६ एप्रिल

पोस्टमन कडूबाने कार्ड आणले. बावीस तारखेला संस्थेचे साहेब चौकशीला येणार. पाहा, आले की नाही बाहेर! शिकायला पैसे देणारा घर पाहायला कशाला येतो?

खूप विचार केला. घर हलके दिसले तर पोराला घरजावई करून ठेवतील. मग तो पुन्हा सोनाळ्याला दिसायचा नाही. घर भारी दिसले तर बरोबरीने बोलतील, मान राखतील. आपले तर साडेसात एकर कोरडवाहू आणि एकच बैल. पेरणीला दुसरा सावडीचा, म्हणजे दुसऱ्याशी आलटून-पालटून घेतलेला. असे दाखवून कसे चालेल?

शेजारी गुलाबरावाकडे गेलो. त्याची खिल्लारी जोडी आणि म्हैस एका दिवसापुरती मागितली. त्याने मिशीला हात लावून विचारले, “काऊन आबा, पोरगं पाह्यले पाहुणे येऊन राह्यले काय?” मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. तो म्हणाला, “घेऊन जा. पन मह्या बैलाइले तुह्या घरच्या कडब्याची सवय नाही, पेंड ठेवजो.”

बोलण्यात टोमणा होता. पण बैल देतो म्हणाला.

ता. २२ एप्रिल

साहेब आले. सावळे, चष्मेवाले, उन्हाने बेजार. एस.टी.ने आले, मोटारीने नाही! ही पण काही चाल असेल, असे वाटले.

ओसरी सारवून ठेवली होती. गुलाबरावाचीच सतरंजी अंथरली. सूनबाईने पुरणपोळी केली, तूप भरपूर. साहेब पोळीकडे बघत राहिले. म्हणाले, एवढे कशाला केले. दोनच खाल्ल्या.

मग शेत किती विचारले. त्यांना बांधावर नेऊन मी हात फिरवला. वीस एकर म्हटले. गुलाबरावाचे शेत आमच्याला लागूनच आहे. साहेबांनी वहीत टिपले.

गोठ्यात मात्र घोटाळा झाला. साहेब पांढऱ्या बैलाच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, “छान जनावर आहे. नाव काय याचे?” मी म्हटले सरज्या. त्याच दमात सूनबाई म्हणाली पाखऱ्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. मी म्हटले, घरात दोन्ही नावे चालतात.

त्यांनी पुन्हा वहीत टिपले. काय टिपले असेल?

मुलीचा विषय मात्र त्यांनी काढलाच नाही. जाताना एवढेच म्हणाले, “मुलगा हुशार आहे. सुखी घर आहे तुमचे.”

ता. २३ एप्रिल

सरज्या की पाखऱ्या! बैलाच्या नावात पकडले गेलो.

ता. २ मे

अजून पत्र नाही. रोज कडूबाची वाट पाहतो. तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. पत्र आले आणि त्याने दाबून ठेवले, असे तर नाही? त्याचाही भाचा कॉलेजात आहे.

गुलाबरावाने साहेबांना एस.टी.च्या फाट्यावर गाठले असे ऐकतो. पाणी पाजले म्हणे. नुसते पाणी पाजायला कोण फाट्यावर जातो? “बैल माझे आहेत,” असे त्याने साहेबांना सांगितले असणार. बैलाच्या नावांचा घोटाळा आणि त्याचा शब्द जुळला, आणि माझे पितळ उघडे पडले. आता संस्था म्हणेल, हे घर लबाड आहे.

सूनबाई माझ्याशी नीट बोलत नाही. भाकरी वाढते आणि आत जाते.

ता. १४ मे

पत्र आले. टाइप केलेले मराठी. अक्षर अक्षर लावून वाचले. “आपल्या अर्जाचा सहानुभूतीने विचार केला, परंतु खेद वाटतो.” पुढचे वाचवेना. भाडे मिळणार नाही, एवढे कळले. पत्र पोथीच्या फडक्यात ठेवले. सूनबाईला काही बोललो नाही.

गुलाबरावानेच केले. माझी खात्री झाली.

ता. १५ मे

गुलाबराव वाटेत भेटला. त्याच्या रामरामाला मी उत्तर दिले नाही.

ता. १७ मे

शालिग्राम आला. पंधरा जूनच्या आत जहाजाचे पैसे भरले नाहीत तर या वर्षीची जागा जाते. म्हणून विचारायला आला. मला खोटे बोलवेना. पत्र काढून दिले. गुलाबरावाने कशी चुगली केली, तेही सांगितले.

त्याने पत्र दोनदा वाचले. मग जे मी वाचले नव्हते ते मोठ्याने वाचले. “आमच्या प्रतिनिधींनी प्रत्यक्ष पाहणी केली असता आपले कुटुंब वीस एकरांचे धनी व संपन्न असल्याचे आढळले. आमचा निधी केवळ गरजू विद्यार्थ्यांसाठी असल्याने...”

तो थांबला. 

“आबा,” तो म्हणाला, “कोनी चुगली नाही केली. त्याइनं तुमचं खरं मानलं.”

एवढेच बोलला. ओरडला असता तर बरे झाले असते. मग विहिरीवर जाऊन बसला. सूनबाई चुलीपुढून उठली नाही. मी पंचवीस दिवस पकडले जाण्याची भीती धरून बसलो होतो. पकडला गेलो असतो, तर पोरगा गेला असता.

ता. १८ मे

सकाळीच गुलाबरावाकडे गेलो. सारे सांगितले, रामराम न घेतल्याचेही. वाटले, आता गावभर करील. तो हसला नाही. मी संस्थेला खरे काय ते पत्र लिहिले, त्याखाली त्याने साक्षीदार म्हणून सही केली.

एक गोष्ट त्या पत्रात लिहिली नाही, फक्त तुला सांगतो. गरिबांनाच देतात, हे शालिग्रामाने फॉर्म वाचला त्याच दिवशी सांगितले होते. मी ते ऐकले होते.

पत्राची नक्कल:

साहेब, बैलजोडी आणि म्हैस खाली सही करणाऱ्या गुलाबरावाची आहे. सतरंजीही त्याची. जमीन साडेसात एकर, कोरडवाहू, पटवाऱ्याचा दाखला सोबत जोडला आहे. पोरगा त्या दिवशी घरी नव्हता, त्याने मला खरे सांगायला बजावले होते. खोटे मी बोललो. माझे वय झाले आहे, काय शिक्षा ती मला करा. पंधरा जूनला मुदत संपते. आम्ही गरीब आहोत, साहेब. लवकर कळवा.