बर्फ तुडवायचा राहिला

११ मार्च

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला लिहायचे असतात म्हणून लिहिले. मनातले शब्द वेगळे आहेत, ते पुढे येतीलच. बाबांची तब्येत बरी आहे. डावा हात अजून लुळाच आहे, पण बोलणं पुष्कळ सुधारलंय. माझं शिवणकाम चालू आहे. तुम्ही दोघं नवरा-बायको मजेत असालच. मजेत राहायला तुम्हाला इथून लांब असणं पुरतं.

फोनवर माझा आवाज चढला की नेमकं तुला कुणीतरी हाक मारतं आणि तू फोन ठेवतोस. पत्राला तसं करता येणार नाही. फाडलंस तरी आधी वाचून फाडशील, एवढी मी तुला ओळखते.

परवा मागच्या बागेतला बर्फ वितळला. जुनं सफरचंदाचं झाड वादळात पडलं तेव्हा त्याच्याच काड्या घेऊन तू आणि बाबांनी बावीस कलमं बांधली होतीत, आठवतं ना? त्यातल्या चौदांची साल उंदरांनी खाल्ली. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, बुंध्याला पूर्ण वळसा घालून. आतलं पांढरं लाकूड उघडं पडलंय. बुंध्यांभोवती तू लावलेल्या जाळ्या मात्र जागच्या हललेल्या नाहीत. उंदीर त्यांच्या खालून आत शिरले आणि तीन महिने निवांत जेवले.

जाळी चार बोटं मातीत गाडायची असते, हे तुला मी सांगायचं? पुढच्या आठ तू नीट गाडल्यास, ती आठही झाडं धडधाकट आहेत. मागच्या चौदा नुसत्या मातीवर टेकवल्यास. मी हटकलं तर म्हणालास, "माती दगड झालीय गं ताई. बर्फ पडला की येईन, तुडवून जाईन. चार तासांचा तर रस्ता." तो चार तासांचा रस्ता तुला अख्ख्या हिवाळ्यात कापता आला नाही. तुझं तोंड पहिल्यापासून हातांच्या पुढे धावतं, आणि मागे राहिलेलं निस्तरायला मी आहेच.

रोपवाटिकावाल्या बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी गुडघ्यावर बसून एकेक बुंधा पाहिला. म्हणाल्या, "पालवी येईल, तुम्ही खूश व्हाल, आणि भर उन्हाळ्यात उभी वाळतील. बर्फ पडल्यावर बुंध्याभोवती तुडवला नव्हता का? भुसभुशीत बर्फाखाली उंदरांना बोगदे करायला काय लागतं?" मी म्हटलं, भाऊ येणार होता, आला नाही. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने जाळी सरळ करायला लागले.

बाबा रोज विचारायचे. आवाज फुटत नव्हता तेव्हासुद्धा खिडकीकडे बोट करून विचारायचे. नंतर शब्द यायला लागले तसे, "तुडवलात ना?" तुडवलास नाही, तुडवलात. त्यांच्या डोक्यात आपण अजून दोघं आहोत. मी म्हणायचे, हो बाबा, तुडवला. मग ते डोळे मिटून पडून राहायचे.

पहिला बर्फ पडला तेव्हा मी मशीनवर बसले होते. माझं मशीन खिडकीशी आहे, बाग समोर दिसते. मी म्हटलं, आज नाही तर उद्या येईल. दुसरा पडला, तिसरा पडला. तू एक फोन केला नाहीस.

हे खोटं आहे. केला होतास. पहिल्या बर्फाच्या दुसऱ्याच दिवशी केला होतास आणि विचारलं होतंस, "येऊ का?" मी म्हटलं, "तुला वाटेल तसं कर. तुझ्यावाचून इथे काही अडलेलं नाही." तू म्हणालास, बरं.

राग मला कसला होता ते तुला माहीत आहे. हिवाळ्याच्या तोंडावर बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा आठ दिवस राहिलास आणि कारखान्यातली सुट्टी संपली म्हणून बॅग भरलीस. मी म्हटलं, हिवाळा तरी काढ. तू म्हणालास, "ताई, तू आहेस ना." त्या एका वाक्यावर मी पंधरा वर्षं राबतेय. आई गेली तेव्हा तू आहेस ना, तुझं लग्न निघालं तेव्हा तू आहेस ना. म्हणून ठरवलं की यावेळी मी नाही. मी न बोलावता तू स्वतःहून यायचंस. मी तुला येऊ नको म्हणायचं आणि तरीही तू यायचंस, असा माझा हिशोब होता.

आणि आता लिहितेच. चौदा झाडांभोवती फिरायला मला अर्धा तास लागला असता. बूट दाराशीच होते. मी घातले नाहीत. बर्फाखाली काय चाललं असेल ते मला पक्कं ठाऊक होतं. जाऊ देत झाडं, असं मनात आलं. वसंतात हा येईल, बघेल, आणि त्याला कळेल त्याने काय केलं. बाबांशी खोटं बोलत मी तीन महिने तुझ्यासाठी पुरावा जमवत बसले होते. तुझा राग येतोच आहे, तो काही कमी झालेला नाही. पण माझी मला किळस येते.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्यांना चाकांच्या खुर्चीतून बाहेर न्यायचंय, तेव्हा दिसणारच होतं. त्यांनी खिडकीकडे मान वळवली. मला वाटलं रडतात की काय. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "कलमाचा चाकू कुणाकडे आहे?"

"बारक्याकडे."

"मग त्याला लिही. आणि ओरडू नकोस त्याच्यावर."

म्हणून हे पत्र त्यांना वाचून दाखवणार नाही.

चांगल्या आठ झाडांच्या काड्या मी कापल्यात आणि ओल्या वाळूत तळघरात ठेवल्यात. ती चौदा वाचली तर त्यांनीच वाचतील: जखमेच्या खाली एक टोक, वर दुसरं, मध्ये काडीचा पूल, म्हणजे मुळांचा रस वर चढेल. एका झाडाला तीन तरी लागतील. साल लाकडापासून सुटायला लागली की लगेच बांधायचे, म्हणजे दोन आठवडे, फार तर तीन. काल एका पडलेल्या फांदीवर मी स्वयंपाकघरातल्या सुरीने करून पाहिलं. तीन काड्या वाया गेल्या आणि अंगठा कापला. बाबांचा हात तुझ्याकडे आला, माझ्याकडे नाही.

लहानपणी बर्फ तुडवताना बाबा पुढे, मग मी, शेवटी तू. तू माझ्याच पावलांत पाय टाकत यायचास आणि बाबा मागे वळून म्हणायचे, "अरे, तिने तुडवलेलंच काय तुडवतोस, नवीन जागा तुडव." मला तेव्हा त्याचा राग यायचा नाही. मागे कुणीतरी आहे हे बरं वाटायचं.

मी तुला ये म्हणतेय, बारक्या. यावेळी सरळ म्हणतेय. चाकू धार लावून आण.

दारात माफी मागत बसू नकोस. मीही मागणार नाही. सरळ मागे बागेत जा, मी काड्या घेऊन येते.

अजून रागातच असलेली,
पण बूट घालून तयार,
तुझी ताई