वाढदिवसाचा रकाना

अमरावती,
दि. १४ डिसेंबर २०२५

प्रिय सत्यभामाताई,

रागिणीचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. इकडे सासरी सगळे ठीक. मामाजींचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र शाबूत आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाचं पाकीट शोधून आणलं. तेल्हाऱ्याला थंडी फार आहे का?

आमचं फुलांचं दुकान यंदा मोबाइलवर गेलं. करिश्मा नावाच्या मुलीनं सगळं बसवून दिलं, ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे नंबर, आपोआप जाणारे संदेश. यांना तर आभाळ ठेंगणं झालं. मला म्हणाले, "जुन्याबी ऑर्डरी भर, एकबी सुटली नाई पायजे."

मामाजींचा दंडक तुला माहीत आहे. अंत्ययात्रेच्या फुलांची नोंद ठेवायची नाही, दिली की विसरायची. मी म्हटलं, जुनी खुळं. आठवून आठवून तीही भरली. तिथे विचारतात, प्रसंग कोणता? लग्न, पूजा, गृहप्रवेश, वाढदिवस. काहीतरी निवडल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. मी वाढदिवस दाबत गेले.

मग वर्ष भरलं की त्याच तारखेला त्या घरांना शुभेच्छा जाऊ लागल्या. गोवर्धन गुरुजींची बायको गेल्याला वर्ष झालं. ते दुकानात आले, मोबाइल पुढे धरला. "बाई, तिच्या अंगावर तुमच्याच दुकानची फुलं होती. अन् तुमी हे काहून धाडून राहिले?" मामाजीच म्हणाले, "इले काय विचारता गुरुजी, त्या मशीननं केलं." माझ्यासाठी म्हातारा खोटं बोलला.

तुलाही मी हेच सांगणार होते. पण ताई, आपल्या सागरचं नाव मशीनला कुठून ठाऊक? ते मीच लिहिलं. भाच्याचा शेवटचा हार मी माझ्या हातानं गुंफला, आणि तोही ऑर्डरींत बसवला. "सागर यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! यंदाही हार आमच्याकडूनच?" तो जाऊन वर्ष झालं त्या सकाळी, त्याच्या आईच्या फोनवर.

मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू खालचं 'हो' दाबलंस.

हे म्हणतात, चुकून बोट लागलं असेल. मला तसं वाटत नाही. घटकाभर तुला खरंच त्याचा वाढदिवस वाटला असेल, आणि मग शुद्ध आली असेल. हे डोक्यातून जात नाही. याला माफी नसते, मी मागतही नाही.

संदेश बंद केले. गिऱ्हाइकं तुटली ती तुटली, दुकानाचं आता मला काही वाटत नाही.

तुझी ऑर्डर तशीच आहे. रद्द करायला हात धजत नाही. हार करायला बसते, तर सुईत दोरा जात नाही. आणि तो घेऊन कोणत्या तोंडानं तुझ्या दारात उभी राहू? मोबाइल रोज सकाळी विचारतो, सागर यांचा हार कधी पोचवणार?

तुझीच,
रागिणी