गादीचा फोटो

सोमवार, ता. ४

चि. टिटवीस,
आजीचे अ. उ. आ. आणि वर एक पापा.

फोटोसाठी पाठवलेले तुझे पैसे पोचले. अगं पण एवढे? तो फोटोवाला फोटो काढतो की घर बांधतो? फोनवर तुला अर्धंच ऐकू जातं आणि मला उरलेलं अर्धं, म्हणून पत्रात सगळं नीट सांगते.

कंबर धरलीय हे तुला ठाऊकच आहे. आता डावा पायही रुसलाय. पाऊल वर उचलतच नाही, फतकन खाली पडतं. म्हणून डॉक्टरांकडे गेले. गोड माणूस आहे, नाव विचारायच्या आधी खुर्ची देतो. त्यांनी पाठीवर टकटक केलं, पायाला टाचणी टोचली. मला काही कळलं नाही आणि त्यांना मात्र सगळं कळलं. म्हणाले की गादी सरकलीय, फोटो काढून आणा, मग बघू.

मी चाटच पडले! घरात पाऊल न टाकता ह्या माणसाला कसं कळलं? खरंच गं, माझ्या गादीचा कापूस भिंतीकडे सरकून गोळे झालेत आणि मधे नुसता खड्डा. जन्म गेला लोकांच्या गाद्या शिवण्यात, आणि स्वतःची ही अशी. मग उसवलीच. अंगणात बसून कापूस मोकळा केला, खोळ धुतली, पुन्हा भरली, टाके घातले. उन्हात कापूस उडायला लागला की मला वेळेचं भान राहत नाही. सगळं पांढरं, हलकं, जणू ढगात पाय सोडून शिवत बसलेय.

मग कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला बोलावलं. गादीचा फोटो का म्हणून त्याने दोनदा विचारलं. मी सांगितलं की डॉक्टरांनी मागवलाय, तू चारी बाजूंनी काढ. एक तुलाही पाठवतेय. किती थोडे पैसे घेतले त्याने! बाकीचे तुझे कपाटात आहेत.

पाठ अजून ऐकत नाही, उलट जास्तच ठणकतेय. नव्या भरलेल्या गादीची सवय व्हायला वेळ लागणारच.

लोभ आहे तेवढा पुरतो, वाढवलास तर परत करणार नाही.
तुझी आजी

गुरुवार, ता. ७

ती. आजीस,
टिटवीचा शि. सा. न. वाकू नकोस, आशीर्वाद उभ्यानेच दे.

गादी फोटोत राणीसारखी दिसते. मी ऑफिसात इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं, आणि मग रडायलाच आलं.

अगं, ती गादी नव्हे! पाठीत मणक्यावर मणका असतो, आणि दोन मणक्यांच्या मधे हाड हाडावर घासू नये म्हणून एक छोटीशी मऊ गादी असते. ती सरकलीय. सरकून पायाकडे जाणारी नस दाबतेय, म्हणून पाऊल पडतं. फोटो पाठीच्या आतला काढायचा, मोठ्या मशीनमध्ये. त्याला एमआरआय म्हणतात.

आता पुढचं न हसता वाच. मी डॉक्टरांशी बोलले. नस फार काळ दबलेली राहिली तर पाऊल कायमचं जाईल, असं ते म्हणाले. ऑपरेशन की नुसता व्यायाम, हे फोटो पाहिल्याशिवाय ठरणार नाही. मी सगळीकडे फोन केले. स्वस्त होतं तिथे तारीख नव्हती, तारीख होती तिथला दर ऐकून डोळे फिरले. शेवटी पुढच्या शनिवारी सकाळची वेळ मिळाली. कपाटातले पैसे घेऊन जा, कमी पडतील ते मामा भरणार आहे. त्याने स्वतःहून सांगितलं, तेव्हा त्याला चिडवू नकोस.

अंगावर धातू चालत नाही. खांद्याला सुई टोचून ठेवायची तुझी सवय, ती सुई घरीच ठेव. मशीन खूप आवाज करतं. आत हलायचं नाही आणि बोलायचंही नाही. तुला त्यातलं दुसरंच अवघड जाईल, मला माहीत आहे. आणि तोवर जमिनीवर बसून एकही टाका घालायचा नाही.

रागवायचं तर रागाव, पण लोभाला हात लावू नकोस.
तुझी टिटवी

रविवार, ता. १७

चि. टिटवीस,
आजीचे अ. उ. आ., ह्या वेळी उभ्यानेच.

मणक्यांच्या मधे गाद्या! तुझं पत्र मी छातीशी धरून बसले. आयुष्यभर मी बाहेर गाद्या शिवत होते, आणि आत कुणीतरी माझ्यासाठी आधीच शिवून ठेवल्या होत्या, एकही टाका न दिसता.

काल जाऊन आले. खिडकीवरच्या मुलीने साधा की रंगाचं इंजेक्शन देऊन, असं विचारलं. मी म्हटलं की काळापांढराच काढा, ह्या वयात रंगीत कशाला. मामाने पैसे भरले आणि पावती घेताना तोंड असं केलं, जणू त्याचीच कंबर दुखतेय. चिडवू नकोस म्हणालीस, म्हणून एवढ्यावरच थांबते. सुई मी घरी ठेवली होती गं. पण मशीनवालीने तपासलं तर दुसऱ्या खांद्यालाही एक निघाली, दोऱ्यासकट!

मग सरकत्या फळीवर निजवून मला बोगद्यात ढकललं. मी डोळे मिटले. आधी धडधड झाली, मग टुंग टुंग टुंग. टिटवे, काय सांगू, ती ह्यांची पिंजण होती! तुझे आजोबा कापूस पिंजायचे ना, त्या धनुष्यासारख्या पिंजणीची ताणलेली तार अशीच वाजायची. तोच ठोका, मधेच थांबायचा, जणू कपाळ पुसून पुन्हा सुरू. मी रिकामी खोळ धरून दाराशी उभी. कापूस छपरापर्यंत चढलेला, ह्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. हलू नकोस, केसांत बसेल, असं हे मला सांगत होते. मी कशाला हलतेय? दोन्ही पाय इतके हलके झाले होते की कुठला डावा तेही आठवेना.

फळी बाहेर ओढली तेव्हा मी घोरत होते म्हणे. लोक आत घाबरून हाका मारतात, घोरणारं कुणी पहिल्यांदाच पाहिलं, असं मशीनवाली म्हणाली. अजून एकदा काढता का म्हणून मी विचारलं, तर मामाने सगळ्यांदेखत मला हात जोडले.

निकाल मंगळवारी. भीती वाटते गं. झोपण्याआधी पाऊल चाचपते, तर ते लाकडाचं. ऑपरेशन ह्या शब्दाशी माझं पटत नाही.

लोभाची उशी करून पाठव, डोक्याखाली घेईन.
तुझी आजी

गुरुवार, ता. २१

ती. आजीस,
टिटवीचा शि. सा. न.

डॉक्टरांनी मामाला सांगितलं तेच मलाही सांगितलं. नस दबलीय, पण चिरडलेली नाही. लगेच ऑपरेशन नको. महिनाभर औषध, व्यायाम आणि शिवण बंद. तेवढ्यात पाऊल हललं तर सुटलीस, नाहीतर ऑपरेशन करावंच लागेल. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस हं.

लोभ आणि खरेपणा, दोन्ही असू दे.
तुझी टिटवी

शुक्रवार, ता. २९

चि. टिटवीस,
अ. उ. आ., आणि आज तर तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनासुद्धा.

खरंच लिहायचं होतं, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मी व्यायाम करायचे आणि पाऊल नुसतं माझ्याकडे बघायचं. मी त्याला लाडीगोडी लावली, शिव्याही घातल्या. मामा रोज येऊन खोटं खोटं कौतुक करून जायचा.

काल पहाटे अर्धवट झोपेत होते. खिडकीतून उजेड पायथ्याशी आला होता. त्या उजेडात डावा अंगठा वर आला. मी सांगितलं नव्हतं गं, आपला आपणच. मग मी सांगून पाहिलं, तर पुन्हा आला, आणि मागून बाकीची बोटं आळोखेपिळोखे देत उठली. मी कुणाला हाक मारली नाही. नवं बाळ बघावं तशी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

आज डॉक्टरांनी पावलावर हात दाबून ते वर ढकलायला सांगितलं. मी असं ढकललं की त्यांची खुर्ची मागे सरकली! ऑपरेशन नको, म्हणाले.

हे पत्र पेटीत टाकायला मीच निघालेय. मामा सोबत येतो म्हणाला. मी त्याला सांगितलं की ये, पण मागून ये.

लोभ तेवढा पुढून असू दे.
तुझी आजी