शेवंताचं तिखट कधी सुटलं

प्रिय शेवंता,

माणसांत मी तुला शेवंताबाई म्हणते, नणंद म्हणून पाया पडते. पण पत्रात तू माझ्या वर्गातली शेवंताच. सातवीत माझी गणितं उतरवून घ्यायचीस आणि मास्तर नेमके मलाच उभं करायचे, ती. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोन केला की तुझी सून तो मोठ्या आवाजावर लावते आणि अख्खं घर माझं ऐकत बसतं. शिवाय फोनवर माझ्या जिभेला दम निघत नाही, दोन वाक्यांत थट्टा सुरू होते आणि कामाचं राहून जातं. आज कामाचं आहे. तेव्हा चष्मा शोध, डोक्यावरच असेल, आणि दार ओढून एकटी बस.

पहिली बातमी सांगते, आणि सांगताना माझं अक्षर वाकडं होतंय ते आनंदाने होतंय. माझ्या तोंडातला एक डाग कापून काढून तपासायला दिला होता, त्याचा कागद काल आला. कॅन्सर नाही. व्हायच्या वाटेला लागलं होतं, पण झालेलं नव्हतं, आणि जेवढं होतं तेवढं कापून काढून टाकलंय. घाबरू नको, आत्ताच दीड भाकर खाऊन लिहायला बसलेय. दुसरी बातमी अशी की मंगळवारी तुला जळगावला यायचंय, तुझं तोंड दाखवायला. नाही म्हणायचं असेल तर पत्र सगळं वाच आणि मग म्हण.

आमच्या गावात मोहिनी म्हणून आशाताई आहे. गोड पोरगी, पायात चप्पल झिजलेली, खांद्याला फॉर्मची पिशवी. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तोंडं तपासायची, असं तिला वरून काम आलेलं. पण तोंड उघडतंय कोण. दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बाया ओट्यावर आ करून बसतील का? आणि मिश्रीने काळे झालेले दात सुनेच्या वयाच्या पोरीला दाखवायची लाज वेगळीच. मोहिनी बॅटरी घेऊन दारात आली की ठरलेलं उत्तर, माय व, मना तोंडमा काय शे ते माले माहीत शे, तू बीपी मोज आनि जाय. महिन्याभरात तिची तीन तोंडं झाली होती, त्यातलं एक तिच्या सासूचं. माझ्याकडे आली तेव्हा रडायलाच आली होती. म्हणाली, काकू, तुमचं तरी बघू द्या. म्हटलं, बघ बाई, माझं तोंड सगळ्या गावाने बघितलंय, बंदच कधी असतं.

बॅटरी आत गेली आणि पोरीने ती एकाच जागी धरून ठेवली. उजव्या गालाच्या आत, जिथे चाळीस वर्षं सकाळ-संध्याकाळ माझं मिश्रीचं बोट फिरलं, तिथे पांढरा डाग. भांड्याला दुधाची साय चिकटून राहावी तसा. दुखत नव्हता, खुपत नव्हता. तिने मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. तुला खरं सांगू, आपण आपल्या तोंडात कधी बघतच नाही. कुंकू लावायचे तेव्हा आरसा रोज हातात असायचा, पण कपाळाच्या खाली कधी बघितलं नाही. आणि ते संपल्यावर आरसाच कोण घेतंय.

मी मनातून थंड पडले होते, पण पुढे जे झालं त्यानेच मी उड्या मारतेय. तुझ्या भावाच्या तोंडाच्या दुखण्याच्या वेळचं तुला आठवतं ना? कुठे दाखवायचं हेच कळेपर्यंत सात महिने गेले. एकाने गुळण्या दिल्या, एकाने ताकदीच्या गोळ्या, कोणी म्हणालं अंगात उष्णता आहे, गुलकंद खा. किती डबे गुलकंद खाल्ला असेल तुझ्या भावाने. शेवटी मुंबईला पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही, कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. आणि या वेळी? मोहिनीने फोटो उपकेंद्रातल्या डॉक्टरणीला पाठवला, तिने तो जळगावला पाठवला, आणि चौथ्या दिवशी माझ्या हातात चिठ्ठी. तारीख, वेळ, खोलीचा नंबर. अगं, खोलीचा नंबर. सरकारी दवाखान्यात कोणीतरी भिकुबाई येणार म्हणून वाट बघत बसलंय, हे मला खरंच वाटेना. वर मोहिनीचा आदल्या दिवशी फोन, काकू, निघताय ना, नाहीतर मी घ्यायला येते.

जळगावात पिंप्राळ्याला ललितकडे उतरले. पोराला सांगितलं, दाढ दुखते. त्याने विश्वास ठेवला, तो तुझ्या भावावर गेलाय. दिपमालाने नाही ठेवला. दाढ दुखणारी सासू सकाळी शेंगदाणे कसे खाते, असं तिने मला तोंडावर विचारलं. मग काय, सुनेला सांगावं लागलं, आणि तिच्याच स्कूटीवर मागे बसून दवाखान्यात गेले. दातांची डॉक्टरीण आपल्या लेकींपेक्षा लहान. म्हणाली, आजी, मिश्री लावता का? मी म्हटलं, छे. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि दातांनी चुगली केली. ती हसली, मी हसले, दिपमाला नाही हसली. तुकडा काढताना मुंगीने चावावं इतकंच. पुढे डाग काढला तेव्हा मात्र चार दिवस बोलता आलं नाही, ते चार दिवस ललित म्हणतो घरात फार बरे गेले. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं आणि मिश्रीला हात लावायचा नाही. पहिले पंधरा दिवस हात आपोआप कोनाड्यातल्या डबीकडे जायचा. आता डबीत बडीशेप भरलीय आणि मी चिडचिडी झालेय, पण मोहिनी म्हणते काकू पहिल्यापासून अशाच होत्या.

आणि गावाला परत आल्यावर मी काय केलं ते ऐक. मोहिनीने मला तीन बोटांची परीक्षा शिकवली. आपल्या हाताची मधली तीन बोटं जुळवायची, उभी धरायची आणि तोंडात घालून बघायची. जात असतील तर तोंड नीट उघडतंय. जात नसतील तर आत कातडी आखडायला लागलीय, दाखवायला पाहिजे. मी ती परीक्षा कपाशीच्या शेवटच्या वेचणीला नेली. दुपारी बांधावर भाकरी सोडून बसलो होतो, सगळ्या बायाच, दीर नाही की सासरा नाही. म्हटलं, चला, सासूशी भांडायला कोणाचं तोंड किती उघडतं ते आज ठरू द्या. जिची तीन बोटं जातील ती जिंकली. मग काय विचारतेस. जी मोहिनीला दारातून परत पाठवायची ती सगळ्यांत आधी आ करून बसली. एकमेकींची बोटं मोजायला लागल्या, तुनी बोटं बारीक शेत, असं चालतंय का, अशी भांडणं. बठ्ठ्या बाया हसून हसून लोळल्या. मोहिनी मागून बॅटरी घेऊन आलीच होती, मी तिला बाभळीमागे बसवून ठेवली होती. उघडलेली तोंडं तिने तशीच बघून घेतली. एका दुपारी सतरा. दोघींना चिठ्ठ्या मिळाल्या.

तेवढ्यात उखर्डू आला, आमचा राखणदार. दिवसाला गुटख्याच्या दहा पुड्या खाणारा. बायांची मजा बघून म्हणाला, हा काय पोरखेळ लावलाय, आणि ऐटीत आपली बोटं तोंडाशी नेली. एक गेलं. दुसरं अर्धं गेलं आणि अडलं. त्याने पुन्हा घातलं, पुन्हा अडलं. उखर्डू बोटांकडे बघत म्हणाला, भाकर मी कधीची चुरून खातो, वाटलं दात गेले म्हणून. त्यालाही जळगावला पाठवला. मोहिनी म्हणते वेळेत सापडला, पुडी सोडली आणि तोंडाचा व्यायाम केला तर फरक पडेल. आता तो राखण करताना आ करून फिरतो आणि मला शिव्या देतो, पण अर्ध्या तोंडाने दिलेली शिवी मी धरत नाही.

हे तालुक्याला कळलं. चोपड्याला सगळ्या आशाताईंची बैठक होती, मोहिनीने मला नेलं. सातवी पास भिकुबाई, समोर साठ-सत्तर पोरी आणि मोठे साहेब. मी आधी साहेबांनाच म्हटलं, साहेब, तुमची तीन बोटं घाला. घातली बिचाऱ्याने. गेली. टाळ्या वाजल्या. मग मी सांगितलं की पोरींनो, फॉर्म घेऊन दारात उभ्या राहाल तर बाई दार लावेल. बाया जिथे हसत बसतात तिथे जा, गिरणीवर, पापड लाटायला, वेचणीला. पुढच्या महिन्यापासून पाच गावांत असं करून बघायचं ठरलंय आणि मला बोलावलंय. शेवंता, या वयात माझ्या तोंडाला काम लागलंय.

आता तुझ्या तोंडाचं. पौषात तुमच्या मळ्यात भरीत होतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, ठेचलेल्या मिरच्यांनी सगळ्यांच्या नाका-डोळ्यांतून पाणी, कळण्याच्या भाकरी चालल्या होत्या. आणि तू कोपऱ्यात बसून दुधात भाकर कुस्करत होतीस. तू, जी शाळेत पोरांशी पैजा लावून हिरव्या मिरच्या मिठाशी खायचीस. मी सगळ्यांदेखत म्हटलं, शेवंताबाईला पुन्हा दुधाचे दात येताहेत, कोणीतरी झबलं-टोपडं आणा. मळा हसला. तूही हसलीस, पण तोंडावर पदर धरून, आणि मग मला पोचवायला रस्त्यापर्यंतसुद्धा आली नाहीस. तिखट झोंबायला लागणं हे सगळ्यांत आधीचं लक्षण असतं, हे मला दातांच्या डॉक्टरणीने सांगितलं. तुझ्या तोंडात काही नसेलही, नुसती आग होत असेल. ते बघणाऱ्याला बघू दे. तुला जवळ पडतं त्या धुळ्यालाही बघतात, पण तिथे तू एकटी जाणार नाहीस, मला माहीत आहे. म्हणून तुझं नाव मी माझ्यासोबत जळगावला लावलंय.

हे सगळं मोहिनीने फोनवर दोन मिनिटांत सांगितलं असतं. मी पत्र लिहायला बसले ते वेगळ्यासाठी. तुझ्या भावाचं तिखट सुटलं ते मला कोणाच्याही आधी कळलं होतं. एकदा ते हळूच म्हणाले, भाजीत मिरची जरा कमी टाक. त्या वर्षी आखाजीच्या सणाला घर भरलेलं होतं, जावई होते, भाऊबंद होते. मी ताट वाढताना म्हटलं, यांना गोड वरण वाढा, मिरचीला भ्यायलेत, आता यांना पाळण्यात निजवायचं बाकी राहिलंय. सगळे हसले, तुझे भाऊही हसले. त्यानंतर त्यांनी कधी मिरची कमी टाक म्हटलं नाही. होतं ते तसंच खायचे, डोळ्यांत पाणी यायचं, विचारलं की म्हणायचे वाफ लागली. आठ महिन्यांनी गालावर गाठ दिसली. लोक म्हणतात पुडीने नेलं, ते खोटं नाही. पण ते मला सांगत होते, शेवंता, आणि मी लोकांना हसवलं. हे मी ललितला सांगितलेलं नाही, कोणालाच नाही. तुमच्या मळ्यात तू पदर तोंडाला लावलास तेव्हा मला ती आखाजी आठवली. तुला राग येईल. यायलाच पाहिजे, भाऊ होता तुझा. पण तो राग घरी धरून बसू नको. सोमवारी दुपारच्या एसटीने पिंप्राळ्याला ये, ललित स्टँडवर उभा असेल. मंगळवारी नऊला आपल्या दोघींचं नाव आहे. मला काय बोलायचं ते तिथे रांगेत बोल. रांग लांब असते. मी शेजारीच उभी राहीन, ऐकून घेईन, आणि तुझा नंबर येईपर्यंत एक शब्द थट्टेचा काढणार नाही.

वाट बघणारी, तुझीच,
भिकू