पाच ओळी साध्या कपाशीच्या

विद्यापीठ वसतिगृह,
दि. १९ नोव्हेंबर २००७

ती. आत्या हिस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

तुझा दिवाळीचा डबा घेऊन परवा सुखरूप पोचले आणि काल प्रशिक्षण सुरू झालं. संशोधनाला निधी मिळावा म्हणून प्रस्ताव कसा लिहायचा, एवढंच आम्हा संशोधकांना पंधरा दिवस शिकवणार आहेत. हसू नको. इतकी वर्षं शिकून आम्हाला अर्ज लिहिता येत नाही, हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं. शिकवणाऱ्या मॅडम लाल पेन घेऊन बसतात. कापसाचं महत्त्व सांगणाऱ्या माझ्या पहिल्या बारा ओळी त्यांनी सरळ उडवल्या.

विषय तुझ्या वावरातलाच आहे. बोंडअळी मारणाऱ्या बीटी कपाशीच्या प्रत्येक पाकिटाबरोबर साध्या सरकीची छोटी पुडी येते. ती वावराच्या चारी कडांना पाच-पाच ओळी लावायची असते. साध्या कपाशीवरच्या अळ्या बीटीवर तगलेल्या अळ्यांत मिसळत राहिल्या, तर अळी बीटीला लवकर सरावत नाही. आपल्याकडे तशी कुणी लावत नाही. ती लावून घ्यायची आणि तीन वर्षं अळ्या मोजायच्या, असा माझा प्रस्ताव.

मॅडमचा एक नियम आहे. प्रस्तावाचं एक पान मराठीत लिहायचं आणि विद्यापीठात कधी पाय न ठेवलेल्या, आपल्याला न घाबरणाऱ्या माणसाला वाचायला द्यायचं. मला तुझ्याशिवाय कुणी सुचलं नाही. सोबत ते पान आणि ओळी लावायच्या संमतीचा फॉर्म आहे. अमडापूरच्या पाच शेतकऱ्यांच्या सह्या हव्यात, पहिली तुझी. शेवटची तारीख १५ डिसेंबर. माझी नेमणूक मार्चअखेर संपते, आत्या. प्रस्ताव मंजूर झाला तर तीन वर्षं इथे राहीन, नाहीतर सामान बांधायचं. म्हणून घाई.

लोभ आहेच, तो सह्यांसह यावा.
तुझी अनुपमा

अमडापूर,
दि. २४ नोव्हेंबर २००७

चि. अनुपमा हिस अ. उ. आ.

पत्र पोचलं. फॉर्म कोराच परत पाठवते आहे.

दुपारी वेचणी थांबवून भाकरीला बसलो, तेव्हा तुझं पान मी मोठ्याने वाचलं. बांधापलीकडचे उकंडराव काका होते, दोन एकरवाली पंचफुला होती. पुडीची गोष्ट सगळ्यांना समजली. मग ‘शेतकऱ्यांच्या अज्ञानामुळे व निष्काळजीपणामुळे’ ही ओळ आली आणि मी पान खाली ठेवलं. काकांनी हात धुतले आणि विचारलं, की हे लिहिणारी आपलीच अनू हाय काय, जिले मी खांद्यावर बसवून शाळेत नेलं. पंचफुला म्हणाली, दोन एकराच्या वावरात चहूकडून पाच-पाच ओळी अळीले देल्या तर आमी काय खावं, हे तिले इचारा. सही कुणी केली नाही. मीही नाही.

मला राग आला आहे, लपवत नाही. बारावीपर्यंत माझ्या हातचं खाल्लंस, तेव्हा आम्ही निष्काळजी आहोत असं कधी बोलली नाहीस.

आता पुडी जाते कुठे ते ऐक. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी जिथे बी उगवलेलं नसतं, त्या रिकाम्या जागी आम्ही ती सरकी टोबतो, नांग्या भरायला. आधी पुडी कोनाड्यात पडून असायची. २००४च्या जूनमध्ये पावसाने दडी मारली, अर्ध्या वावरात बी उगवलं नाही. तू एम.एस्सी.ला लागलेली, सुट्टीला आली होतीस. तूच पुडी फोडलीस, ओढणीत सरकी घेतलीस आणि म्हणालीस, कापूसच आहे ना, वाया कशाला घालवायचा. काकांनी तुझं पाहून केलं आणि काकांचं पाहून सगळ्यांनी. शिकलेली पोरगी सांगते म्हणून केलं. तुला आठवत नसेल.

जेवण वेळेवर कर. रागातही माया तेवढीच आहे, हे धरून चाल.
तुझी आत्या, कोकिळा

विद्यापीठ वसतिगृह,
दि. २९ नोव्हेंबर २००७

ती. आत्या हिस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

आठवलं. ओढणीचा रंगसुद्धा आठवला. फार लाज वाटली. पुडीचा धडा आम्हाला दुसऱ्या वर्षी होता, असं कारण लिहायला घेतलं होतं. पण ते काकांच्या तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून फाडलं.

तुला न विचारता तुझं पत्र मॅडमना दाखवलं. त्यांनी लाल पेन माझ्या हातात दिलं आणि ती ओळ मीच खोडली. आता तिथे असं आहे, की अमडापूरला ही सरकी नांग्या भरायला वापरतात, ही पद्धत २००४ साली प्रस्ताव लिहिणारीनेच सुरू केली आणि तेव्हा पुडी कशासाठी असते हे तिला माहीत नव्हतं. वर्गातला एक जण म्हणाला, परीक्षक हसतील आणि प्रस्ताव बाजूला ठेवतील. मॅडम म्हणाल्या, तसं होऊ शकतं, तूच ठरव. मी ती ओळ ठेवली आहे. पंचफुलाचा प्रश्नही घेतला आहे, दोन एकरवाल्याला कमीत कमी किती ओळी पुरतील.

नवं पान आणि फॉर्म पाठवते. सगळ्यांना पटलं तरच सह्या.

लोभ मागायला या वेळी धीर होत नाही.
तुझी अनू

अमडापूर,
दि. ५ डिसेंबर २००७

चि. अनू हिस अ. उ. आ.

पाच सह्या पाठवते आहे. काकांनी पान स्वतःच्या हातात घेऊन दोनदा वाचलं. म्हणाले, गलती कबूल केली, त पोरगी आपलीच हाय. फॉर्मची झेरॉक्स त्यांनी ठेवून घेतली आहे. वेचणी आटोपत आली, बोटं सोलली आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

माया पहिल्यासारखीच.
आत्या

विद्यापीठ वसतिगृह,
दि. १० मार्च २००८

ती. आत्या हिस,
अनुपमाचा सा. न. वि. वि.

प्रस्ताव नामंजूर झाला. परीक्षक हसले नाहीत. प्रश्न चांगला आहे असं लिहिलंय, पण शेतकरी खरोखर अशा ओळी लावतील याला एका हंगामाचाही पुरावा जोडलेला नाही, पुढल्या वर्षी पुन्हा पाठवा. पुढल्या वर्षी मी इथे नसेन. एकतीस तारखेला खोली सोडायची आहे.

मला खूप वाईट वाटतंय. पाच जणांनी रुसवा सोडून सह्या केल्या आणि मी त्यांना रिकाम्या हाताने तोंड दाखवायचं. काकांना तू सांगशील का? मला जमणार नाही.

लोभ कमी होऊ देऊ नको.
तुझी अनू

अमडापूर,
दि. १६ मार्च २००८

चि. अनू हिस अ. उ. आ.

काकांना सांगितलं. ते घरी गेले आणि फॉर्मची झेरॉक्स घेऊन आले. मला चष्मा लावायला सांगितला आणि ती वाचून घेतली. त्यात लिहिलंय की आम्ही तीन हंगाम वावराच्या कडेला साधी कपाशी लावू. निधी मिळाला तर, असं कुठेच लिहिलेलं नाही. पंधरा दिवस शिकून नेमकं तेवढं लिहायचं तू विसरलीस. काका म्हणाले, सही केली म्हंजे केली, पोरीले बलाव, ओळी कुठून धराच्या ते दाखव म्हणा.

पंचफुला दोनच ओळी लावणार आहे, तिचा प्रश्न तिलाच सोडवायचा आहे. बाकीचे आम्ही चौघं पाच-पाच. त्यांना एका हंगामाचा पुरावा हवा ना, तो इथे तयार होईल. बांधलेलं सामान इकडेच घेऊन ये, तुझी खोली झाडून ठेवते.

मृगाच्या आधी पोच. पुड्या मात्र यंदा माझ्या ताब्यात राहतील. नांग्या भरायला तुला हात लावू देणार नाही.

वाट पाहणारी,
आत्या