शेवटची खाच

प्रिय शिडी,

त्या सकाळी मी चादरी धूत होते. एक कान गॅसवरच्या दुधाकडे आणि दुसरा शेडकडे, कारण शेडमधून तुझा दादा हाका मारत होता. ओल्या हातांनीच गेले, तर गाडीच्या दारातून त्याचे लांबलचक पाय तेवढे बाहेर; बाकीचा माणूस डॅशबोर्डखाली उताणा. स्पीडोमीटरचा दिवा लागत नव्हता, म्हणून सुटलेली वायर शोधायला आत शिरला होता. मी टॉर्च पुढे केला, तो त्याने न बघताच घेतला आणि आतूनच म्हणाला की दूध उतू जातंय. नाकाशी वायरी, अंगाला ऑइल, आणि वास आला तो दुधाचा. मी धावले. निम्मं शेगडीने प्यायलं होतं, उरलेल्याचा चहा केला. तो आला, कपडे धुण्याच्या पावडरीने हात घासले, उभ्याउभ्याच चहा घेतला आणि राहिलेलं जेवल्यावर बघतो म्हणाला. जेवल्यावर छातीत कळ आली. पुढचं तुला माहीत आहे, ते पुन्हा लिहीत बसत नाही.

आज मध्येच हे कुठून काढलं, असं तू म्हणशील. मला तुला एक मोठी बातमी द्यायची आहे आणि ती कुठून सुरू करावी ते कळेना, म्हणून आपली दुधापासून सुरुवात केली. बातमी अशी की गाडी चालू झाली. तुमची ती लाल, आखूड शेपटीची, मागचं दार वर उघडणारी, तुम्ही दोघं भावंडं जाऊन मोठ्या थाटात घेऊन आलात ती. इंजिनात घरघर नाही, सायलेन्सरमधून धूर नाही, आणि आवाज तोच, घसा खाकरून भांडायला उठल्यासारखा. मूर्ती लहान आणि तोंड मोठं, असं मी तिला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं आणि तुझा दादा म्हणाला होता की घरात अशी एक आधीच आहे.

आठवतं का आपण तिघं कसे जायचो? तू आणि तो पुढे, मी मागे. तू बसलीस की आधी तुझी सीट पार मागच्या बाकाला टेकवायचीस, त्यामुळे तुझ्या मागे मांजरसुद्धा बसलं नसतं. म्हणून मी कायम दादाच्या मागे, मांडीवर भाजीची पिशवी. सिग्नलला शेजारी एखादी मोठी, गुबगुबीत गाडी येऊन उभी राहिली की तुम्ही दोघं एकमेकांकडे बघायचात, आणि हिरवा दिवा लागला की माझे टोमॅटो माझ्या आधी मागच्या काचेला जाऊन भिडायचे. रस्ता मला कधी दिसलाच नाही. मला दिसायची तुमची दोन डोकी, आणि त्या डोक्यांचा वाद, की जास्त उंच कोण. घरी आलं की पाठीला पाठ लावून उभे राहायचात आणि पंच म्हणून मला स्टुलावर चढवायचात. मी पट्टी लावायची आणि दोघं सारखेच असा निकाल द्यायची. खरं सांगू, मला तुमच्या टाळूवरून काही कळायचं नाही. घरात शांतता राहावी एवढाच माझा हिशेब.

तो गेल्यावर तू आलीस तेव्हा कुणाशी न बोलता शेडमध्ये गेलीस. मी मागून आले, तर तू त्याच्या जागेवर बसलेली. सीटला, आरशाला, कशाला हात न लावता तुझे पाय बरोबर पेडलवर पोचले होते. तू मला एवढंच म्हणालीस, "वहिनी, ही सीट हलवू नकोस. तो शेवटचा इथे बसला होता." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तू गेलीस आणि तीन वर्षं झाली, पुन्हा आली नाहीस. फोन करतेस, माझं ब्लडप्रेशर विचारतेस, हवा कशी आहे विचारतेस. गाडीचं नाव तू काढत नाहीस, म्हणून मीही काढत नाही. मला राग नाही ग. गाडी अशी उभी असताना या अंगणात पाय टाकणं मलाही जड जायचं, पण मला चादरी वाळत घालायला तिथूनच जावं लागतं.

तर झालं काय, मागच्या हिवाळ्यात फावडं आणायला शेडमध्ये गेले आणि गाडीतून उंदीर बाहेर आला. आरामात, सकाळी कामाला निघालेल्या माणसासारखा. बॉनेट उघडायला मला अर्धा तास लागला. आत एअर फिल्टरच्या डब्यात त्याने संसार थाटला होता, मागच्या सीटमधला फोम नेऊन गाद्या घातल्या होत्या. म्हणजे माझीच सीट कुरतडली होती मेल्याने. तेव्हा पहिल्यांदा मला त्या गाडीचा राग न येता तिची कीव आली.

तुला माहीत आहे, माझी शाळा लवकर सुटली आणि वाचायचं वेड नंतर लागलं. वाचनालयातली कपाटं मी ओळीने संपवत आणली आहेत. घरात न वाचलेलं एकच पुस्तक उरलं होतं, गाडीच्या दुरुस्तीचं ते जाडजूड, तुझ्या दादाच्या काळ्या बोटांच्या ठशांचं. तेच घेऊन बसले, शेजारी शब्दकोश. कादंबरीसारखं वाचलं म्हण ना. क्लच बिघडतो तिथे जीव वरखाली होतो. पण त्या लेखकाची एक खोड आहे. एखादी वस्तू कशी खोलावी ते दोन पानं सविस्तर, चित्रांसकट सांगतो, आणि शेवटी एकच ओळ: जोडणी उलट क्रमाने करावी. झालं! मी रेडिएटर त्याच्या सांगण्यावरून काढला, उलट क्रमाने बसवला आणि शेवटी एक बोल्ट उरला. तो अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सगळंच उलट क्रमाने जोडता आलं असतं, तर मी कुठून सुरुवात केली असती, तुला सांगायला नको.

बोल्ट उरल्यावर मात्र निमूट डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणजे दादाचे गॅरेजवाले, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन तपासतात म्हणून त्यानेच ठेवलेलं नाव. ते बॉनेटमध्ये डोकावले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की वहिनींनी अर्धं काम केलंय, आता ते निस्तरायला मला दुप्पट वेळ लागेल. पण आले बरं का, दर रविवारी आले. टायमिंग बेल्ट, सगळे रबरी पाइप, ब्रेक, दारांखालचा गंज. गंज मी काढला, पॉलिश पेपरने घासून घासून. माझ्या हातांना घासायची सवय आहे. स्पीडोमीटरचा दिवाही मीच लावला. डॅशबोर्डखाली शिरले, ऐसपैस जागा होती, आणि सुटलेली वायर लगेच सापडली. तिच्यावर त्याने अर्धी टेप गुंडाळली होती. उरलेली मी गुंडाळली. थोडा वेळ तशीच उताणी पडून राहिले, मग डॉक्टरांनी विचारलं की वहिनी, झोप लागली का.

भानगड झाली ती ब्रेकच्या वेळी. पाइपमधली हवा काढायला एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी नट सोडायचा. मी बसले, तर पाय पेडलपासून वीतभर लांब. घरातून उश्या आणल्या आणि पाठीशी रचल्या. डॉक्टर म्हणाले, सीट पुढे घ्या की. मी म्हटलं, खटका जाम आहे. ते ऑइलची झारी घेऊन आले. मी अशी काही आडवी पडले की त्यांना वाटलं मला चक्कर आली. जाम आहे तर जाम राहू दे, असं म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि झारी खाली ठेवली. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

आणि हो, मी गाडी चालवायला शिकले. हस नको. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं की आजी, कुणाला सोडायला आलात का. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, कारण साहेबांनी गाडी वळवा म्हटलं आणि मी त्यांनाच म्हटलं की आधी जरा मागे बघा, कुणी येत नाही ना. दुसऱ्यांदा पास झाले. शिकवणाऱ्या बाईंची गाडी मी छान चालवते. तिची सीट मी पुढे घेते, आरसा खाली करते, आणि जाते.

मागच्या आठवड्यात आपली गाडी तयार झाली. शेवटची रंगाची कामं डॉक्टरांच्या गॅरेजात केली होती, तिथून मी ती चालवत घरी आणायची असं ठरलं. तीन उश्या पाठीशी, आरशात गाडीचं छत. गॅरेजच्या दारातला एवढासा उतार, आणि मी ब्रेक दाबायला गेले तर पहिली उशी सरकली, तिच्यामागून दुसरी, आणि मी बसल्याजागी मागे आडवी झाले. गाडी हळूच जाऊन जुन्या टायरांच्या चळतीवर विसावली. टायर होते म्हणून बरं. बंपरला ओरखडा नाही, माझी अब्रू तेवढी गेली. डॉक्टर धावत आले, दार उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "उशीला ब्रेक मारता येत नाही, वहिनी. एक तर सीट पुढे घ्या, नाहीतर गाडी चालवणाऱ्याला देऊन टाका." मग आवाज उतरवून म्हणाले की ही गाडी उभी करून ठेवायची जात नाही. पुन्हा तीन वर्षं उभी राहिली तर या खेपेला तेही तिला उठवू शकणार नाहीत. त्यांच्या ओळखीत एकजण आहे, तो तिला नीट फिरवेल. रविवारी बघायला आणू का, विचारत होते. मी उश्या गोळा केल्या. ते स्वतःच चालवत तिला शेडमध्ये सोडून गेले, बिचारे अंग ताणून, पायाच्या चवड्यांवर. सीट त्यांनीही हलवली नाही.

तर शिडी, इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं ते यासाठी. मी तुला मान डोलावून शब्द दिला होता, म्हणून तुला विचारते. मी ती सीट पुढे घेऊ का? त्याने ठेवली होती त्या खाचेशी लाल रंगाचा ठिपका लावीन, कधीही परत नेता येईल. तू नको म्हणालीस तर मला वाईट वाटणार नाही, रविवारी त्या माणसाला येऊ दे म्हणून कळवीन. गाडी दुसऱ्याच्या दारात गेली तर तिथे मात्र तो कुणाला न विचारता सीट हलवेल, तेवढा विचार कर.

इथवर काल लिहून घडी घातली होती. आज सकाळी चादरी भिजत घातल्या आणि टपालात टाकण्याआधी पत्र एकदा वाचून बघावं म्हणून उघडलं, ते पहिल्याच परिच्छेदाशी थांबले. अग, तुझा दादा डॅशबोर्डखाली उताणा होता! एवढा लांब माणूस तिथे मावतो कसा? सीट पार शेवटच्या खाचेपर्यंत मागे ढकलली तरच. आणि वायर जोडायची राहिली होती, म्हणून त्याने ती पुढे घेतली नाही. मी हातातलं टाकून शेडमध्ये गेले आणि त्या सीटच्या मागे बसले, माझ्या जुन्या जागेवर. बसले कसली, गुडघेच मावेनात. इतकी वर्षं मी त्याच्या पाठीमागे पिशवी घेऊन ऐसपैस बसायचे. तुझ्या दादाने या खाचेत बसून एक दिवससुद्धा गाडी चालवली नाही. तीन वर्षं आपण दोघींनी जी त्याची बैठक म्हणून जपली, ती एका सुटलेल्या वायरीसाठी केलेली वाट होती. मी एकटीच मागच्या सीटवर इतकी हसले की शेजारीण भिंतीवरून डोकावून गेली. मग थोडी रडलेही, पण हसणं जास्त होतं. आणि पंच म्हणून निकाल देते: तुझे पाय शेवटच्या खाचेत बरोबर पोचले होते, म्हणजे उंच तूच. तो असता तर त्याने हा निकाल मानला नसता.

त्याची खरी खाच कुठली, ते आता कुणालाच कळणार नाही. पण एक गोष्ट मी आज पाहिली. पायाखालचं रबरी मॅट डॉक्टर बदलणार होते, मी बदलू दिलं नव्हतं. ॲक्सिलरेटरपाशी त्यात टाचेएवढा खळगा पडला आहे, त्याच्या टाचेने घासून घासून पडलेला. सीट कितीही पुढे घ्या, मागे घ्या, टाच त्याच जागी येते. तुझी येईल, माझीही येते.

तेव्हा परवानगी राहू दे, तू ये. पुढे बस, माझ्या शेजारी, तुझी सीट हवी तेवढी मागे ढकल. मागे आता कुणी बसायचं नाही. फिरून परत येताना गाडी तू चालव. चादरी तशाच भिजत ठेवून मी खटका उचलला, सीट पाच खाचा पुढे घेतली, आरसा खाली केला, टाच त्या खळग्यात टेकवली आणि बाजारात जाऊन दूध घेऊन आले.

तुझीच,
बुटकी वहिनी